खाडीत होडीतून खेकडे धरायचे तर

बडोद्याला जवळचं खारं पाणी कावी-कंबोईचं, पण तिथे जाळं टाकायचा विचारही नको. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. तिथल्या स्तंभेश्वर मंदिरातली पिंडी बुडवणाऱ्या त्या पाण्यात मुलाबाळांची होडी नेऊ नये. सुट्टीत कोकणात गावी जाल तेव्हा तिथल्या खाडीत, तिथल्याच नाखव्यासोबत निघा.

आधी तिथी बघा. तिथीच्या पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा. खाडीत आत पाणी उशिरा चढतं, म्हणून नाखव्याला विचाराच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ इतकी असते की जाळी जागेवर राहत नाहीत. सप्तमी-अष्टमीची भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी, बरी, आणि भरतीचे शेवटचे दोन तास सर्वांत चांगले.

जाळं घरीच बनवता येतं. आठ मिलिमीटर सळईची दोन फूट व्यासाची कडी, तिच्यावर दोन इंची आसाचं (भोकांचं) नायलॉनचं जाळं, थोडं झोळ ठेवून. कडीला समान अंतरावर तीन दोऱ्या बांधून वर एकत्र गाठ मारा आणि तिथून मुख्य दोर. दोर पाण्याच्या खोलीच्या दीडपट हवा. नेमका तेवढाच ठेवला तर चढत्या पाण्यात तरंगी बुडते. तरंगी म्हणून झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन चालतो. एका कुटुंबाला सहा जाळी पुरेत.

आमिष म्हणजे बांगड्याची डोकी किंवा कोंबडीचे पाय. ते मधोमध तारेने आवळा. सुतळीने बांधलेलं आमिष खेकडा तोडून नेतो आणि तुम्ही रिकामं जाळं ओढत बसता.

कांदळवनाच्या कडेने, दोन-तीन मीटर पाण्यात, दहा-दहा मीटरवर जाळी सोडा. पंधरा-वीस मिनिटांनी पहिल्यापासून उचलायला लागा. अशा उघड्या जाळ्यातून खेकडा कधीही चालता होतो, त्यामुळे तासभर वाट बघण्यात अर्थ नाही. प्रवाहाच्या उलट दिशेने तरंगीपाशी या, इंजिन न्यूट्रलला टाका, दोराची ढील हळूच काढा आणि मग एका दमात वर ओढा. हात मध्येच थांबला की खेकडा कडीवरून उडी मारतो. बहुतेक खेकडे इथेच सुटतात, लोक मात्र आमिषाला उगाच दोष देतात. ओढणारा एकच, बाकीचे बसून राहतील, सगळे एका कडेला वाकणार नाहीत. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पोहता येणाऱ्यांच्याही.

खेकडा काठीने पाठीवर दाबून मागून धरा आणि नांग्या सुतळीने बांधा. चावलाच तर हिसका देऊ नका. नांगी तुटून बोटालाच राहते. हात पाण्यात धरा, बहुतेक वेळा तो स्वतःच सोडतो.

पोटाखाली नारिंगी अंडी असलेली मादी, तळहाताहून लहान पिल्लू आणि दाबल्यावर कवच मऊ लागणारा, हे तिन्ही लगेच पाण्यात सोडा. मऊ खेकडा नुकती कात टाकलेला असतो, आत पाणीच. अमावास्येचे खेकडे भरलेले असतात म्हणतात, पण पंचांगापेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवा.

धरलेले खेकडे ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. पाण्याच्या बादलीत प्राणवायू संपून मरतात. ओलसर गोणपाटात सहज दिवस काढतात. शिजवण्याआधी एकेकाचे पाय हलतात का बघा, मेलेला फेकून द्या.