फॅटी लिव्हर आहे? मग नुसतं चालू नका, ताकदीचा व्यायामही असा सुरू करा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं की बडोद्यातला माणूस दुसऱ्या दिवसापासून कमाटीबागेत फेऱ्या मारायला लागतो. चालणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण तेवढ्यावर थांबलात तर अर्धंच काम होतं.

जेवणानंतर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं, तर आपले स्नायू. ते रोडावले किंवा सुस्तावले की उरलेली साखर लिव्हरकडे वळते आणि तिथे तिची चरबी होते. म्हणून मांड्या, नितंब, पाठ आणि छाती या मोठ्या स्नायूंना कामाला लावायचं. वजन हललं नाही तरी फायदा होतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण काटा हलत नाही म्हणून कितीतरी जण महिन्याभरात व्यायाम सोडून देतात. २०११ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे फक्त ताकदीचे व्यायाम केलेल्यांचं वजन तेवढंच राहिलं, पण लिव्हरमधली चरबी साधारण १३ टक्क्यांनी उतरली. वजन जास्त असेल तर तेही उतरवायचंच आहे. ७ ते १० टक्के कमी झालं तर लिव्हरची सूजही ओसरू लागते.

आधी रिपोर्ट नीट पाहा

सोनोग्राफीतली ग्रेड चरबीचा अंदाज देते. लिव्हर किती कडक झालंय हे त्यावरून कळत नाही. वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (रक्तात मोजली जाणारी लिव्हरची दोन एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून डॉक्टर ‘फिब-४’ काढतात, म्हणजे लिव्हर कडक झालं असण्याचा अंदाज देणारा आकडा. तो १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्याचा धोका सहसा कमी असतो (पासष्टीच्या पुढे ही मर्यादा २ धरतात). जास्त आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या.

सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) असेल, पोटात पाणी झालं असेल किंवा अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका. जोर लावताना पोटातला दाब वाढतो आणि त्या शिरा फुटू शकतात. ताब्यात नसलेलं बीपी, हर्निया, नुकताच झालेला हृदयाचा त्रास किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेली इजा असेल तरीही आधी परवानगी घ्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामाआधी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडे जा

फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याला शेक, असाच बहुतेकांचा समज असतो. पण तुमचे सांधे किती भार सोसतील, तोल कसा आहे, सुरुवात कुठून करायची हे तोच सांगू शकतो. साधी चाचणी असते: हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. तो आकडा लिहून ठेवा.

खुर्चीवरची उठबस

एकच व्यायाम करायचा झाला तर हा करा. हात नसलेली मजबूत खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सीटच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्यांएवढ्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता कमरेतून पुढे वाका, टाचांवर भार द्या आणि उठा. उठताना तोंडाने श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं, म्हणूनच फिजिओ सारखं बजावतात, “काकू, आधी वाका, मग उठा. आणि फू करून श्वास सोडा!” बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश या, धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला. गुडघे आत वळू देऊ नका. दुखत असतील तर सीटवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

८ ते १२ वेळा उठलात की एक फेरी. एक-दोन मिनिटं थांबून दुसरी, जमली तर तिसरी. शेवटच्या दोन वेळा उठणं जड गेलं पाहिजे. लागोपाठच्या दोन व्यायामांत १२ वेळा सहज जमलं तर छातीशी पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली धरा. ते झालं एक किलो.

याच्या जोडीला भिंतीवरचे जोर, दाराच्या भक्कम कडीला थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) अडकवून मागे ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. मोजणी आणि श्वासाचा नियम तोच.

जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांच्या या गावात घरोघरी दंड-बैठका ठाऊक आहेत. त्या उत्तमच, पण साठीच्या गुडघ्यांना आणि घेर सुटलेल्या पोटाला पहिल्या दिवशी झेपत नाहीत. उठबस पक्की झाली की अर्ध्या बैठकीकडे वळा.

आठवडा कसा बसवायचा

ताकदीचे व्यायाम एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. सुरुवातीला वीस मिनिटंही पुरतात. हळूहळू पाऊण तासापर्यंत न्या आणि निदान १२ आठवडे चिकाटी ठेवा. उरलेल्या दिवशी झपाझप चालणं, आठवड्याला एकूण १५० मिनिटं. नवरात्रात रोज रात्री दोन-तीन तास गरबा खेळत असाल तर ते नऊ दिवस पायांचे व्यायाम अर्ध्यावर आणा. मे महिन्यात सगळं सकाळी आठच्या आत उरका.

स्नायू एक-दोन दिवस ठणकले तर घाबरू नका. सांध्यात कळ आली, छातीत दाटलं, चक्कर आली तर तिथेच थांबा.

स्नायू घडायला प्रथिनं लागतात: डाळी, मोड आलेली कडधान्यं, दही, अंडी. सेव-उसळीतली उसळ खा, सेव आणि तर्री सोडा. उसाचा रस आणि कोल्ड्रिंक बंद. दारू तर नकोच. जिममधल्या कुणी सुचवलेली पावडर किंवा इंजेक्शन घेऊ नका. ताकद वाढवणाऱ्या स्टेरॉइड्सनी लिव्हरलाच इजा होते.

रक्त तपासताना हे सांगा

नवा किंवा जड व्यायाम केल्यावर एसजीओटी आणि एसजीपीटी काही दिवस वाढलेले दिसू शकतात, कारण ही एन्झाइम्स स्नायूंमधूनही रक्तात येतात. लिव्हर बिघडलं असं समजून लोक हबकतात आणि व्यायाम बंद करतात. तपासणीआधी आठवडाभर जड व्यायाम टाळा, आणि केला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. ते सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासून वाढ स्नायूंची की लिव्हरची हे ठरवतील. दरम्यान घरी महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजा (पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत हवा) आणि ३० सेकंदांतल्या उठबशींचा नवा आकडा जुन्याच्या खाली लिहा.