फिंगरप्रिंट ब्युरोत पाऊल टाकण्याआधी

माझ्या पहिल्याच घरफोडीच्या केसमध्ये मी चोर पकडला होता. निदान तासभर तरी मला तसं वाटत होतं.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरातले सगळे गावाला गेलेले, लोखंडी कपाट उचकटलेलं. कपाटाच्या दारावर करड्या पावडरीचा ब्रश फिरवला आणि हँडलच्या वर चार बोटं अशी उमटली की रेष न रेष मोजून घ्यावी. फोटो काढले, टेपवर ठसा उचलला, जवळजवळ उड्या मारतच ऑफिसात आले. आमच्या सरांनी भिंग लावलं, बाजूला ठेवलेल्या, ठसे घेतलेल्या स्लिपा एकेक करून चाळल्या आणि म्हणाले, "अभिनंदन मॅडम. तुमचा चोर सापडला. आपल्याच पोलीस स्टेशनला नाइट ड्युटीवर आहे." सगळ्यांत आधी पोचलेल्या हवालदारांनी 'आत काही शिल्लक आहे का' म्हणून दार उघडून पाहिलं होतं.

दर वर्षी फॉरेन्सिक शिकणारी मुलं-मुली मला विचारतात, की मॅडम, हे काम नेमकं असतं कसं? त्यांना मी आधी हीच गोष्ट सांगते. घटनास्थळी सापडलेल्या ठशाला आम्ही चान्स प्रिंट म्हणतो. त्यातले बहुतेक ठसे घरच्यांचे, कामवाल्या मावशींचे, नाहीतर आपल्याच माणसांचे निघतात. म्हणून आधी या सगळ्यांचे ठसे घ्यायचे आणि ते वजा करायचे. वजाबाकीच जास्त. हे समजावताना घरातल्या काकू हमखास चिडतात: "चोरी आमच्याकडे झाली, आणि ठसे आमचेच घेता?" त्यांना शांतपणे सांगता येणं हाही या नोकरीतला एक विषय आहे, तो कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

आता थोडं शास्त्र. तान्ह्या बाळाची बोटं उलगडून शंख किती, चक्रं किती हे मोजणारी आजी तुमच्याही घरात असेल. तिचा शंख म्हणजे आमचा लूप, चक्र म्हणजे व्होर्ल, आणि तिच्या हिशेबात न बसणारा, कमानीसारखा तिसरा प्रकार म्हणजे आर्च. शंभरातली साठ-पासष्ट बोटं लूपची असतात, आर्च जेमतेम पाच. हे नक्षीकाम आईच्या पोटात असतानाच ठरतं आणि जुळ्या भावंडांतही वेगळं असतं, अगदी डीएनए सारखा असलेल्या जुळ्यांतही.

गंमत अशी, की आजीच्या याच मोजणीवर जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो उभा राहिला. तो लंडनमध्ये नव्हे, १८९७ साली कलकत्त्यात. दहा बोटांपैकी कुठल्या बोटावर चक्र आहे आणि कुठल्या नाही, एवढाच प्रश्न विचारला तर १०२४ कप्पे तयार होतात. मग हजारो स्लिपांतून एकच कप्पा उघडायचा. हे गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, पण पद्धतीला नाव मिळालं त्यांच्या साहेबांचं, एडवर्ड हेन्रींचं. परीक्षेत 'हेन्री पद्धत' असंच लिहा, पण मनात बाकीची दोन नावंही ठेवा.

कप्प्यांचं ते काम आता संगणक करतो. महाराष्ट्र पोलिसांची अँबिस प्रणाली बोटांचे ठसे, तळहात, चेहरा आणि बुबुळ असं सगळं साठवते. देशपातळीवरची ठशांची प्रणाली, नॅफिस, २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यात अटक झालेल्या प्रत्येकाला दहा अंकी क्रमांक मिळतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात. एका राज्यात पकडलेल्याचा जुना गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंदलेला असला तर आता पत्रव्यवहारात महिने घालवावे लागत नाहीत. चेहरा आणि बुबुळ यांचं आकर्षण नव्या मुलांना फार. पण घटनास्थळी बुबुळ कोणी टाकून जात नाही. ते ताब्यात असलेल्या माणसाची ओळख पटवायला उपयोगी. आणि सीसीटीव्हीतला चेहरा म्हणजे बहुतेक वेळा वरून घेतलेला, टोपीखालचा, धूसर चेहरा. त्यावरून तपासाला दिशा मिळते. त्याच्या जिवावर कोणाला उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ठशाचंही तसंच. मशीनमध्ये चान्स प्रिंट टाकला की ते नाव देत नाही, यादी देतं: हे सर्वांत जवळचे, त्याखाली हे, त्याखाली हे. पुढचं काम डोळ्याचं. रेष कुठे संपते, कुठे फुटून दोन होतात, मधल्या रेषा किती. आपल्याकडे रेषांवरच्या अशा आठ खुणा, म्हणजे बिंदू, जुळवून दाखवायचा पायंडा आहे. इंग्लंडमध्ये सोळा लागायचे, २००१ मध्ये त्यांनी ती अटच काढून टाकली. माझ्या मते आकड्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे: न जुळणारा एक बिंदू दिसला तर तुम्ही काय करता?

यासाठी २००४ चं स्पेनमधल्या माद्रिदचं प्रकरण वाचाच. रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांनंतर डेटोनेटरच्या प्लास्टिक पिशवीवर एक ठसा मिळाला. एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या, संगणकाने जवळचे वीस उमेदवार दिले. त्यात चौथा होता ब्रँडन मेफील्ड, अमेरिकेतल्या ऑरेगनचा वकील. एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी एकापाठोपाठ एक 'ठसा त्याचाच' असा शिक्का मारला. स्पॅनिश पोलीस आमच्या मते जुळत नाही म्हणत होते, तरी त्याला अटक झाली. कोर्टाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही एफबीआयचीच री ओढली. शेवटी स्पेनला तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं सापडलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. कोट्यवधी ठशांत शोध घेतला की अगदी जवळचा, पण चुकीचा माणूस सापडण्याची शक्यताही वाढते. त्यातून पहिल्याने 'जुळतं' म्हटलं की दुसऱ्याला वेगळं दिसेनासं होतं. त्यामुळे माझ्याकडे तपासायला आलेल्या कागदावर आधीच्या तज्ज्ञाचं मत दिसलं, तर मी ते झाकून ठेवायला सांगते. काहींना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

बोटांविषयी पुस्तकात कमी आणि हातात जास्त शिकाल. गवंड्याच्या बोटांवरच्या रेषा सिमेंटने खाल्लेल्या असतात. एकदा कोकणातल्या काजू कारखान्यात काम केलेल्या बाईंचे ठसे घ्यायचे होते. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, वर्षानुवर्षं सोलून त्यांची अंगठा आणि तर्जनी गुळगुळीत झाली होती. त्यांनी हात पुढे करून विचारलं, "रेशनला पण माजो अंगठो लागत नाय गे. तुमच्याकडे लागतलो?" शाई कमी केली, बोट दाबलं नाही, नुसतं टेकवून फिरवलं, तेव्हा तिसऱ्या वेळी काही रेषा आल्या. करंगळी मात्र शाबूत होती. म्हणून म्हणते, दहाही बोटं मन लावून घ्या.

पाण्यात सापडलेल्या प्रेताची कातडी हातमोज्यासारखी सुटते. ती स्वच्छ करून स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवून ठसा घ्यावा लागतो. हे वाचून पोटात ढवळलं असेल तर हरकत नाही, मलाही पहिल्यांदा ढवळलं होतं. नंतर त्या माणसाला नाव मिळालं आणि त्याचा भाऊ अंत्यसंस्काराला घेऊन गेला.

पावडर हे सुरुवातीचं प्रेम, पण ती हळू हाताने लावा. नवशिक्यांचे बहुतेक ठसे जास्त पावडरीने मरतात. कागदावर निनहायड्रिन हे रसायन वापरतात. घामातल्या अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन एक-दोन दिवसांत जांभळ्या रेषा वर येतात. प्लास्टिक पिशवीला सुपरग्लूची वाफ देतात.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण कोर्टात वकील इथेच पकडतो. ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात ठरवलं. १९२० चा जुना कायदा जाऊन २०२२ चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा आला. त्यात बुबुळ, तळहात, जैविक नमुने सगळं आलं, आणि नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूदही आली. आधीची शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट करायची आहे, पण ते आपोआप होईल असं समजून कोणी निश्चिंत राहू नये. माझ्या हातून गेलेल्या स्लिपांचा विचार केला की ७५ हा आकडा मला जड वाटतो.

आणि प्रत्येक लग्नात कोणीतरी काका विचारतातच: "आधारमध्ये सगळ्यांचे ठसे आहेत की, मग चोर का सापडत नाहीत?" कारण ते आम्हाला मिळत नाहीत. गोव्यात वास्कोच्या एका गंभीर गुन्ह्यात सीबीआयने मागितले होते. प्रकरण मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठामार्गे सुप्रीम कोर्टात गेलं आणि मार्च २०१४ मध्ये तिथे त्याला स्थगिती मिळाली. पुढे २०१६ च्या आधार कायद्यात मूळ बायोमेट्रिक माहिती कोणालाही न देण्याचं कलमच आलं. काकांना हे पटत नाही. मला पटतं.

या क्षेत्रात यायचं असेल तर एक घोळ आधी मिटवा. फिंगरप्रिंट ब्युरो सीआयडीचा, मुख्यालय पुण्यात. डीएनए, रक्त, विष हे सगळं जातं ते न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, मुंबईची कलिन्याला आहे. दोन्हींची भरती वेगळी, काम वेगळं. शिक्षणासाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गोव्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे. ब्युरोत लागल्यावर अंगुलीमुद्रा तज्ज्ञांची अखिल भारतीय बोर्ड परीक्षा असते. ती पास होईपर्यंत तुमच्या मताला कोर्टात फारसं वजन नाही.

तोवर घरी सराव करा. स्टॅम्प पॅड आणि कोरे कागद घ्या, घरातल्या सगळ्यांचे ठसे घ्या, नावं मागच्या बाजूला लिहा आणि कागद पिसून टाका. मग भिंग घेऊन कोणाचं काय ते ओळखा. मी केलं तेव्हा बाबांचं पाच मिनिटांत झालं, भावाचं त्याहून लवकर. आईच्या उजव्या अंगठ्यावर तीस वर्षं भांडी घासून रेषा पुसट झाल्या होत्या, तिथे मी सहा बिंदूंवर अडकले. सातवा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. आठवा अजून शोधतेय.