बर्फाळ भागात कोंबड्या पाळताय? आधी जाळी आणि कडी बघा

अमेरिकेतल्या मिनेसोटा किंवा कॅनडातल्या ओंटारिओसारख्या ठिकाणी परसात कोंबड्या असतील, तर थंडीआधी शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त करा. धडधाकट कोंबडी पिसं फुगवून कडाक्याची थंडी काढते, पण रॅकूनपुढे (हातासारखे पंजे असलेला, मांजरापेक्षा थोडा मोठा निशाचर प्राणी) तिचं काही चालत नाही. ‘चिकन वायर’ नावाची षट्कोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच. रॅकून ती सहज फाडतो. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या भोकांची जाड वेल्डेड जाळीच लावा. वीझल (मुंगसासारखा सडपातळ, छोटा शिकारी प्राणी) तर इंचभर भोकातूनही आत शिरतं.

ही जाळी खाली फूटभर पुरायची, आणि तीही जमीन गोठायच्या आत. एकदा गोठली की कुदळ नुसती टणटण वाजते.

साधी कडी रॅकून बोटांनी उघडतो, म्हणून कोयंड्यात स्प्रिंगचा हुक अडकवा. कुंपणाला लागून साचलेला बर्फ रोज ओढून टाका, नाहीतर कोल्हा त्यावर चढून सरळ आत उडी मारतो.

आणि एक कळकळीची विनंती: भीतीपोटी वरचे झरोके बुजवू नका. आत ओल कोंडली की तुऱ्यांना हिमदंश होऊन टोकं काळी पडतात. झरोक्यांनाही तीच जाळी ठोका.