सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलांचं हेल्मेट नीट कसं बसवायचं

आमची धाकटी पाचवीत गेली तेव्हा तिला सायकल घेतली आणि सोबत हेल्मेटही आणलं, पण दोन महिने ती ते मागे सरकवून घालायची, कपाळ सगळं उघडं, आणि मी रोज गेटपाशी उभी राहून टाटा करत होते तरी माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदा वळणावर खडीवरून घसरली. कपाळाला दोन टाके पडले, हेल्मेटवर साधा ओरखडाही नव्हता.

तर आधी माप. शिवणाची टेप भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती फिरवा, येतील ते सेंटिमीटर हेल्मेटच्या आतल्या लेबलशी जुळवा. पुढच्या वर्षीपण होईल म्हणून मोठं घेऊ नका, युनिफॉर्मला ते चालतं, इथे नाही. आणि बाबांचं बाइकचं हेल्मेट अजिबात नको, लहान मानेला ते फार जड होतं.

घालायच्या आधी केस बघा. उंच पोनी किंवा मोठा क्लिप असेल तर हेल्मेट पुढे नाहीतर मागे कलतंच, त्यामुळे वेणी खाली मानेपाशी घाला. मग हेल्मेट सपाट ठेवा, भुवई आणि कडा यांच्यात दोन बोटं जागा, जास्त नाही. मागचं गोल चाक फिरवून घट्ट करा. दोन्ही बाजूचे पट्टे कानाच्या बरोबर खाली जुळून इंग्रजी व्ही सारखे दिसले पाहिजेत. हनुवटीखाली बक्कल लावल्यावर एकच बोट आत जावं. आता तिला मोठ्ठी जांभई द्यायला सांगा, हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं तर बरोबर, नाही वाटलं तर पट्टा अजून आवळा.

आत थर्माकोलसारखा जो थर असतो तो चेपला जाऊन मार झेलतो, पण एकदाच. म्हणून हेल्मेटवर जोराचा मार बसला असेल तर बाहेरून चांगलं दिसलं तरी नवीन घ्या. शाळेत पोचल्यावर झोका-घसरगुंडीवर जायच्या आधी ते काढायचं हेही सांगून ठेवा, पट्टा कुठे अडकला तर गळ्याला फास बसू शकतो.

मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती बाइक-स्कूटरला आहे, साध्या सायकलला नाही, त्यामुळे चौकात कुणी मुलांना अडवणार नाही. ते आपल्यालाच बघायचंय. पट्टे वापरून सैल होतात, आमच्याकडे दर सोमवारी दप्तर भरून झालं की जांभई देऊन बघतो.