ताऱ्यांवरून समुद्र ओलांडण्याची पॉलिनेशियन विद्या : शिकताना या चुका टाळा

१ मे १९७६ रोजी होकुलेआ ही जोडहोडीच्या बांधणीची शिडाची नौका हवाईतील माउई बेटावरून निघाली आणि ४ जून रोजी ताहितीच्या पापीते बंदरात पोहोचली. सुमारे ४,००० किलोमीटरच्या या प्रवासात मार्ग ठरवणारे माउ पियाइलुग हे मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे रहिवासी होते, आणि त्यांनी होकायंत्र किंवा अन्य कोणतेही उपकरण वापरले नाही. चार वर्षांनी, १९८० मध्ये, हवाईच्या नैनोआ थॉम्पसन यांनी त्याच पद्धतीने ताहितीला जाऊन परतीचा प्रवासही पूर्ण केला. ही विद्या समजून घेऊ पाहणाऱ्यांच्या बहुतेक चुका एकाच समजातून निघतात, तो म्हणजे तारा बेट दाखवतो. तारा दिशा आणि अक्षांश सांगतो; बेट सापडते ते निघाल्या क्षणापासून नौकेचा वेग, तिचा रोख आणि वाऱ्यामुळे होणारे तिचे सरकणे यांचा हिशोब मनात अखंड चालू ठेवल्यामुळे. म्हणूनच मार्गदर्शक सलग झोप घेत नाही, मध्ये मध्ये थोडी डुलकी काढतो.

एकच तारा धरून बसणे

तारा वर्षभर क्षितिजावरच्या एकाच ठिकाणी उगवतो आणि एकाच ठिकाणी मावळतो, त्यामुळे तो दिशेची खूण ठरतो. परंतु ही खूण तो क्षितिजालगत असेपर्यंतच खरी असते. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांपैकी सर्वांत आधी उगवणारा तारा जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतो. मुंबईच्या किंवा हवाईच्या अक्षांशावर तो तासाभराने १५ अंश वर येतो तेव्हा पूर्वेपासून सुमारे ५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, आणि ३० अंशांवर पोहोचेपर्यंत हे सरकणे ११ अंशांहून अधिक होते. थॉम्पसन यांनी मांडलेल्या तारा-होकायंत्रात (हे उपकरण नव्हे, तर मनात ठेवायची क्षितिजाची विभागणी) क्षितिजाची ३२ घरे केलेली आहेत, म्हणजे प्रत्येक घर ११.२५ अंशांचे. याचा अर्थ दोन तास त्याच ताऱ्यावर विसंबणाऱ्याचा रोख पुरे एक घर चुकतो, आणि ४,००० किलोमीटरच्या वाटेवर एका घराची चूक सुमारे ८०० किलोमीटरची होते. तारा समोर ताणलेल्या हाताच्या दीड मुठीपेक्षा, म्हणजे सुमारे १५ अंशांपेक्षा, वर गेला की त्याला सोडावे आणि त्याच घरातून उगवणारा पुढचा तारा धरावा, हा साधा नियम पाळावा. एका रात्रीसाठी असे दहा-बारा तारे क्रमाने तोंडपाठ असावे लागतात.

कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला असल्यामुळे तेथे हा सराव मावळत्या ताऱ्यांवर करणे सोयीचे पडते. एप्रिलमधील रात्री तोच मृगाचा तारा पाण्याकडे उतरताना पाहावा, म्हणजे तो दक्षिणेकडून तिरका खाली येत अगदी पश्चिमेला कसा टेकतो हे डोळ्यांना पटते.

अक्षांशाच्या खुणा उसन्या घेणे

ध्रुवतारा जितका उंच तितका आपला अक्षांश, हे शाळेत शिकलेले सूत्र हवाईत उपयोगी पडते, पण विषुववृत्ताजवळ तारा क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात हरवतो आणि ताहितीच्या आकाशात तो नसतोच. शिवाय आजचे आकाश जुन्या काळावर जसेच्या तसे लादू नये. हजार वर्षांपूर्वी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ६ अंश दूर होता. स्वाती, ज्याला हवाईत होकुलेआ म्हणतात आणि ज्याचे नाव त्या नौकेला दिले आहे, आज हवाईच्या मोठ्या बेटाच्या डोक्यावरून जातो. हजार वर्षांपूर्वी मात्र तो त्याच्या बराच उत्तरेकडून जात असे. त्यामुळे पहिल्या वसाहतकारांनी स्वातीच्याच खाली हवाई शोधले, असे ठामपणे सांगणारे लेखन तपासून घ्यावे.

आजच्या सरावासाठी मात्र स्वाती उत्तम आहे, आणि मुंबई-अलिबागच्या वाचकाला तर तो घरबसल्या मिळतो, कारण मुंबईचा अक्षांशही सुमारे १९ अंश आहे. मेच्या मध्याला रात्री सव्वाअकराच्या सुमारास तो जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. येथे होणारी चूक म्हणजे उभे राहून मान मागे टाकून पाहणे, कारण अशा वेळी तारा डोक्यावर असल्याचा भास कित्येक अंश आधीच होतो. पाठीवर झोपून, एकदा पाय उत्तरेकडे आणि एकदा दक्षिणेकडे करून पाहावे. दोन्ही वेळचा अंदाज जुळला नाही तर त्यांचा मध्य धरावा.

डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा जोडीने मावळणारे तारे मला अधिक भरवशाचे वाटतात, कारण त्यात कोन मोजावा लागत नाही. ताहितीच्या अक्षांशावर व्याध आणि पुनर्वसूतील अधिक तेजस्वी तारा हे दोघे एकाच वेळी क्षितिजाला टेकतात. मुंबईहून पाहिले तर व्याध दोन तासांहून अधिक आधी मावळतो. दक्षिणेकडे जाताना हे अंतर रात्रीमागून रात्र कमी होत जाते, आणि ते मिटले की नौका ताहितीच्या रांगेत आलेली असते. त्रिशंकूचाही असाच उपयोग आहे: तो सरळ उभा असताना त्याच्या वरच्या व खालच्या ताऱ्यांतील अंतर आणि खालच्या ताऱ्याचे क्षितिजापासूनचे अंतर सारखे दिसले, तर आपण हवाईच्या अक्षांशावर आहोत. गोव्याहून हेच दुसरे अंतर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट दिसते, म्हणून तेथे ती खूण जशीच्या तशी वापरू नये.

नजरेत भरणारी लाट खरी मानणे

ढगांनी आकाश भरले की आधार उरतो तो लाटांचा. डोळ्यांना सर्वांत मोठी दिसणारी लाट बहुधा तिथल्या वाऱ्याने उठवलेली असते आणि वारा फिरला की काही तासांत तीही फिरते. दूरच्या वादळांतून आलेली लांब, संथ लाट दिसायला किरकोळ असली तरी दिवसच्या दिवस एकाच दिशेने चालत राहते. ती ओळखण्यासाठी अनुभवी मार्गदर्शक होडीच्या तळाशी आडवे होऊन तिचे डोलणे अंगाने जोखतात. पहाटे सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रत्येक लाट कोणत्या घरातून येते हे ठरवून ठेवावे. दुपारी सूर्य डोक्याजवळ आल्यावर ही पडताळणी करता येत नाही.

नौकेचे डोलणे अचानक बदलले, तर लगेच सुकाणू फिरवू नये. सगळ्या लाटांचे कोन होडीशी एकाच मापाने बदलले असतील तर होडी वळली आहे. एकाच लाटेचा कोन बदलला असेल तर समुद्र बदलला आहे आणि रोख ठीक आहे. हा भेद न करता केलेली दुरुस्ती हीच बहुतेक वेळा खरी चूक ठरते, आणि ढगाळ रात्री ती सकाळपर्यंत लक्षातही येत नाही.

सरळ बेटावर नेम धरणे

या पद्धतीत रेखांश कोणताही तारा सांगत नाही. तो फक्त मनातल्या हिशोबातून येतो आणि म्हणून त्यातच चूक साठत जाते. हवाईकडे परतताना बेटांच्या रेखांशावर नेम धरला आणि अक्षांश गाठल्यावर समोर पाणीच दिसले, तर पूर्वेला वळावे की पश्चिमेला हे कळण्यास मार्ग नसतो. त्यामुळे जाणूनबुजून बेटांच्या पूर्वेला, म्हणजे व्यापारी वारे जिकडून येतात त्या अंगाला राहून वर यायचे आणि अक्षांश जुळला की वारा पाठीशी घेऊन पश्चिमेकडे वळायचे असते. जातानाही हेच: ताहिती हवाईच्या दक्षिणेला असली तरी थोडी पूर्वेलाही आहे, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत वाऱ्याविरुद्ध मिळेल तितकी पूर्व कमवावी लागते, नंतर ती मिळत नाही. शिवाय नेम एकट्या बेटावर न धरता द्वीपसमूहावर धरावा. १९७६ मध्येही प्रथम दिसले ते तुआमोतू समूहातील माताइवा; तेथून ताहितीची वाट सोपी होती.

पक्षी दिसला म्हणून वळणे

स्थलांतर करणारा पक्षी जमिनीविषयी काहीच सांगत नाही. उपयोगाचे ते रात्री बेटावर परतणारे, हवाईत ज्यांना मानुओकू आणि नोइओ म्हणतात ते सुरय जातीचे पक्षी. सकाळी ते जमिनीकडून येतात आणि संध्याकाळी जमिनीकडे जातात. हा नियमही डोळे मिटून लावू नये. १९८० च्या प्रवासात सकाळी दिसलेला पक्षी बेटापासून दूर चालला आहे असे थॉम्पसन यांना वाटले, परंतु पियाइलुग यांनी त्याच्या चोचीतला मासा पाहिला: घरट्यात पिल्ले असल्यामुळे तो जमिनीकडे परतत होता. म्हणून आधी विणीचा हंगाम आहे का हे पाहावे, मग चोच, आणि त्यानंतरच दिशा.

संध्याकाळी जमिनीची चिन्हे मिळाली तर आनंदाने शिडे भरून रात्रभर पुढे जाऊ नये. तुआमोतूची प्रवाळबेटे इतकी सखल आहेत की त्यांची माडाची झाडे दिवसाही जेमतेम दहा-बारा सागरी मैलांवरून दिसतात, अंधारात तर खडकावर आदळेपर्यंत काहीच कळत नाही. शिडे उतरवून किंवा आखडून नौका जागच्या जागी राखावी आणि पहाटे पक्षी कोणत्या बाजूने येतात ते पाहून मगच शिडे चढवावीत.