सातारच्या डोंगरांत प्रस्तरभंग शोधताना

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीकडे चढताना जो कडा पाहावा तो सारखाच काळा दिसतो. या भागात भूशास्त्राचे क्षेत्रकाम करणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण हीच असते. प्रस्तरभंग म्हणजे नुसती भेग नव्हे. भेगेच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांच्या मानाने सरकलेले असले, तरच तिला ते नाव देता येते. सरकणे दाखवायचे तर अलीकडचा कोणता थर पलीकडच्या कोणत्या थराचा तुटलेला भाग आहे हे आधी ओळखावे लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांमध्ये ही ओळख डोळ्यांनी सहसा पटत नाही. थराची ओळख रसायन पटवते आणि सरकण्याची दिशा रचना सांगते.

सुरुवात उपग्रहचित्राने करायला हरकत नाही, पण त्यावरची प्रत्येक सरळ रेघ संशयितच मानावी. कोयना महाबळेश्वरपासून दक्षिणेकडे बरीच सरळ वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. असा प्रवाह पाहिला की हात लगेच पेन्सिलीकडे जातो. मात्र नदी नुसत्या सांध्यांच्या, म्हणजे खडकातल्या साध्या भेगांच्या, पट्ट्यातूनही सरळ वाट काढते, आणि सांध्यात खडक सरकलेला नसतो.

खरे काम घाटरस्त्यावर आणि ओढ्यांत आहे. संशयित रेघेच्या दोन्ही बाजूंना पायथ्यापासून सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या सपाट खडकापर्यंत, चढता येईल असा एकेक मार्ग निवडावा आणि प्रत्येक थराचा तळ व माथा नोंदवत जावे. थराचा गाभा घट्ट असतो, तर माथा सच्छिद्र असून त्यातील पोकळ्या झिओलाइट या फिकट खनिजाने किंवा गारेने भरलेल्या असतात. त्यावर पुष्कळदा तांबड्या मातीचा वीतभर ते हात-दोन हात जाडीचा पट्टा असतो, आणि दोन थरांची सीमा हेरायला तो फार उपयोगी पडतो. तथापि असे तांबडे पट्टे एकाच कड्यात अनेक असतात, त्यामुळे इकडचा पट्टा तिकडच्या पट्ट्याला नुसत्या रंगावरून जोडू नये. उंची वायुदाबावर चालणाऱ्या उंचीमापकाने घेत असाल, तर ज्ञात उंचीच्या एकाच जागी सकाळी आणि परतताना अशी दोनदा नोंद करावी. दिवसभरात हवेचा दाब बदलतो आणि तेवढ्याने खोटा प्रस्तरभंग तयार होऊ शकतो.

नमुना थराच्या गाभ्यातून, भोके आणि पांढरे ठिपके टाळून, घणाने फोडून ताजा घ्यावा. बाहेरची तपकिरी साल पूर्ण काढावी आणि किलो-दीड किलो दगड ठेवावा. येथे एक चूक कबूल करतो. पसरणी घाटातल्या एका वळणावर अर्धा मातीत रुतलेला भलामोठा धोंडा मी जागचाच खडक समजलो. पृथक्करणात तो वरच्या शैलसमूहातला, म्हणजे वरच्या थरांच्या गटातला, निघाला, आणि मी खुशीत तेथे मोठा प्रस्तरभंग दाखवला. पुढच्या खेपेस धोंड्याभोवतीची माती उकरली, तेव्हा खाली मुरूम लागला. धोंडा वरून गडगडत आलेला होता. तेव्हापासून खडकाचे सांधे आजूबाजूच्या कड्यात सलग जातात का हे पाहिल्याशिवाय मी घण उचलत नाही. कोयना अभयारण्य आणि कास पठारावर परवानगीशिवाय दगड फोडू नये, हे वेगळे सांगायला नको.

प्रयोगशाळेत पूड टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात करू नये, कारण त्यातून कोबाल्ट आणि टँटलम नमुन्यात मिसळतात. अकीकाचे भांडे बरे. क्ष-किरण प्रतिदीप्तीने मुख्य ऑक्साइडे आणि सूक्ष्म मूलद्रव्ये मोजून घ्यावीत. या परिसरातील वाई उपगटात खालून वर पोलादपूर, अंबेनळी आणि महाबळेश्वर हे शैलसमूह येतात, आणि त्यांची नावे याच भागातली असली तरी त्यांचा भेद मुख्यतः रसायनावर केलेला आहे. पोलादपूरच्या लाव्ह्यात वर येताना भूकवचातील द्रव्य मिसळल्याने बेरियम अधिक असते. अंबेनळीत ही भेसळ फारच कमी असून बेरियम साधारणपणे दशलक्ष भागांत १०० च्या आत राहते. महाबळेश्वरमध्ये स्ट्रॉन्शियम बहुधा २५० भागांच्या वर जाते आणि झिर्कोनियमचे नायोबियमशी असलेले गुणोत्तर अंबेनळीपेक्षा उतरते. पोटॅशियम आणि बेरियम झिजेने हलतात. टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम जागचे सहसा हलत नाहीत. म्हणून शंका आली की गुणोत्तरावर अधिक भर द्यावा.

आता दोन्ही बाजूंच्या सीमांची उंची ताडून पाहावी. हे थर दक्षिणेकडे अतिशय मंद उतरतात, तेवढा उतार आधी वजा करावा. समजा तो ०.३ अंश आहे. मग दर किलोमीटरला सुमारे ५ मीटर, म्हणजे १० किलोमीटरवर ५० मीटरांचा फरक प्रस्तरभंगाशिवायच पडतो. तोच ५० मीटरांचा फरक ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे पडला, तर मात्र थांबून पाहावे. तरीही एकच सीमा वरखाली असेल, तर लाव्हा जुन्या खळग्यात साचला असण्याची शक्यता उरते. लागोपाठच्या दोन-तीन सीमा एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच अंतराने सरकलेल्या आढळल्या, तरच मी तो पुरावा धरतो.

या पद्धतीची एक आंधळी बाजू आहे. थर आडवे आणि सरकणेही आडवे, तर उंचीत काहीच फरक पडत नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मुख्यत्वे अशाच आडव्या सरकण्याचा होता. तेथे रचनेकडेच वळावे लागते: भेगेत घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग शोधावा, त्यावरील रेघांची दिशा व कल होकायंत्राने घ्यावा, चिरडलेल्या खडकाच्या पट्ट्याची रुंदी मोजावी आणि बेसाल्टला, म्हणजे या लाव्ह्याच्या काळ्या खडकाला, छेदणारी एखादी उभी भित्ती (भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याची भिंत) तुटून बाजूला गेली आहे का ते पाहावे. भित्तीचे दोन तुकडे एकाच भित्तीचे आहेत की शेजारच्या दोन निरनिराळ्या, याचा निवाडा पुन्हा रसायनच करते.

कोयना परिसरातील खोल वेधनात रासाटी येथे बेसाल्टची जाडी ९३३ मीटर, तर गोठणे येथे १,२४७ मीटर आढळली. हा फरक म्हणजे पायाच्या ग्रॅनाइटचे तेवढे खचणे, असे कोणी पटकन म्हणेल. वेधाच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा केल्याखेरीज अशी तुलना करू नये.

नकाशावर उतरवताना रसायन आणि रचना असा दोन्ही प्रकारचा पुरावा मिळालेल्या जागीच रेघ सलग ओढावी, एकच प्रकार मिळाला असेल तेथे ती तुटक ठेवावी, आणि शेतजमिनीखाली गेलेल्या भागात ठिपके देऊन, जेथे खडक शेवटचा दिसला त्या ओढ्याचे नाव शेजारी लिहावे.