प्रीप्रिंट वहीत उतरवण्याआधी

रत्नागिरीत मी प्राणिशास्त्र शिकवते. प्रोजेक्टचे दिवस आले की मुलं मोबाइलवर बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या संकेतस्थळावरचा एखादा प्रीप्रिंट पुढे करतात, ‘मॅडम, हा चालेल ना?’ तज्ज्ञांनी तपासण्याआधीच लेखकांनी खुला केलेला शोधनिबंध तो. म्हणजे तपासणी आपल्या गळ्यात. त्यातलं हमाली काम फुकटातली साधनं करतात.

आधी संदर्भसूची. संदर्भ झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरा. मागे घेतलेला निबंध असेल तर त्यावर लाल पट्टी येते, मागे घेतलेल्या निबंधांची यादी ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या नोंदींवरून. एक पट्टी दिसली म्हणून अख्खा निबंध टाकून देऊ नका. तो संदर्भ प्रस्तावनेत नावापुरता आलाय, की सगळी पद्धतच त्यावर उभी आहे, ते बघा.

मग ग्रिम, माझी लाडकी चाचणी: छापलेली सरासरी तेवढ्या नमुन्यांतून येऊ तरी शकते का, हे ती बघते. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांची. २०१६ साली तीही प्रीप्रिंट म्हणूनच आली होती. समजा कुणी भाट्याच्या खाडीत मोजणीच्या २५ चौकटी टाकून प्रत्येकीतल्या तिसऱ्या (शिंपले) मोजल्या आणि सरासरी लिहिली ३.४७. अर्धी तिसरी कुणी मोजत नाही, तेव्हा एकूण आकडा पूर्णच हवा. ८६ मिळाल्या तर सरासरी ३.४४, ८७ मिळाल्या तर ३.४८. मधलं ३.४७ आलं कुठून? लगेच लबाडी म्हणू नका. भरती चढली, १९ चौकटींवरच काम आटोपलं, ६६ तिसऱ्या मिळाल्या, तर सरासरी ३.४७ येते, फक्त ते लिहायचं राहिलं. चौकटी शंभर किंवा जास्त असतील तर दोन दशांशांची कुठलीही सरासरी बसते, तिथे ही चाचणी कामाची नाही. लांबी-वजनाला तर लावूच नका.

पुढचं साधन स्टॅटचेक. त्याला पीडीएफ दिली की ते सांख्यिकी चाचण्यांच्या टी, एफ वगैरे आकड्यांवरून पी-मूल्य (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) पुन्हा काढतं आणि छापलेल्याशी ताडून बघतं. टी २.०५ आणि स्वातंत्र्य मात्रा (नमुन्यांच्या संख्येवरून ठरणारा आकडा) २८ असतील तर पी ०.०५च्या आसपास; निबंधात ०.०१ असेल तर ते बोट ठेवणार. गोम अशी, की मानसशास्त्रवाल्यांच्या ठरावीक पद्धतीने वाक्यात लिहिलेलेच आकडे त्याला वाचता येतात. आपल्या मासळीवाल्यांचे आकडे असतात तक्त्यात! म्हणून ‘चूक नाही’ वाचून खूश होण्याआधी त्याने किती आकडे वाचले ते बघा. शून्य असेल तर एक्सेल उघडा नि हाताने करा.

आकृत्यांसाठी बारझूका आणि जेटफायटर. कोविडच्या काळात बायोआर्काइव्ह आणि वैद्यकातल्या मेडआर्काइव्हवरचे प्रीप्रिंट अशाच साधनांच्या संचातून चाळले गेले. बारझूका लांबी-वजनासारख्या सलग मापांचे स्तंभालेख पकडतं. ते का पकडायचे? जाळ्यात पिल्लं आणि मोठे बांगडे असे दोनच गट आले, तर स्तंभ सरासरीला उभा राहतो, आणि त्या लांबीचा बांगडा टोपलीत एकही नसतो. प्रत्येक माशाचा वेगळा ठिपका दाखवणारी आकृती मागा. जेटफायटर इंद्रधनुषी रंगपट्टी शोधतं. समुद्राच्या तापमानाच्या नकाशांत ती हमखास असते. रंगांधळ्याला ती नीट वाचता येत नाही आणि इतरांना नसलेल्या सीमा दिसतात.

नमुना कुठल्या बंदरावर, कुठल्या महिन्यात घेतला, पावसाळी मासेमारी बंदीत बांगडा आला कुठून, हे यातलं एकही साधन विचारत नाही. ते तुम्ही विचारा, थेट लेखकांना मेल करून. आणि संदर्भ देताना आवृत्तीचा क्रमांक लिहा. सुधारित आवृत्ती आली तरी जुनी तिथेच राहते, आणि तुमचा आकडा जुनीतलाच असू शकतो.